वेबकॅम घ्यायचाय? मेगापिक्सेल राहू द्या, आधी खोलीतला उजेड बघा

"कुठला वेबकॅम घेऊ?" हा प्रश्न मला वरचेवर येतो. कुणाचे ऑनलाइन क्लास सुरू होतायत, कुणाची मुलाखत आहे, कुणाला व्हिडिओ बनवायचेत, आणि सगळ्यांना हवं असतं ते एकच, चेहरा स्वच्छ दिसला पाहिजे. मी लगेच मॉडेलचं नाव सांगत नाही. आधी विचारतो, तुम्ही बसता कुठं आणि तिथं उजेड कुठून येतो. बऱ्याच जणांना हे टाळाटाळ केल्यासारखं वाटतं, पण खरंच सांगतो, अर्धं उत्तर तिथंच असतं.

मी पहिला वेबकॅम घेतला तेव्हा बॉक्सवर मेगापिक्सेलचा भलामोठा आकडा छापलेला होता आणि मी तो आकडा बघूनच घेतला. घरी लावला तर चेहरा मेणाचा असावा तसा, केस म्हणजे नुसता काळा पट्टा. मग सेटिंगमध्ये शिरून बघितलं तेव्हा कळलं की कॅमेरा मुळात ६४० × ४८० चं चित्र देतोय, म्हणजे जेमतेम ३ लाख पिक्सेल, आणि बॉक्सवरचे बाकीचे सगळे पिक्सेल सॉफ्टवेअरने मधेमधे भरून काढलेले. तेव्हा फार वाईट वाटलं होतं, कारण पैसे जपून खर्च करायचे दिवस होते. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय. घाई करू नका, एकेक पायरी घ्या.

पायरी १ : कशासाठी पाहिजे ते आधी ठरवा

फक्त कॉलसाठी पाहिजे असेल तर एक गोष्ट लक्षात घ्या. कॉलिंग ॲप तुमचं चित्र जसंच्या तसं पुढे पाठवत नाही, ते दाबून बारीक करून पाठवतं, आणि बऱ्याचदा समोरच्याला पोहोचतं ते ७२०पी किंवा त्याहूनही कमी (७२०पी, १०८०पी, फोरके ही चित्रात किती पिक्सेल आहेत त्याची चढती मापं, हिशोब पायरी ४ मध्ये). ग्रुप कॉल असेल तर तुम्ही एका छोट्या चौकटीत. अशा ठिकाणी फोरके कॅमेरा लावलात तरी समोरच्याला फोरके दिसणार नाही. कॉलसाठी चांगला १०८०पी कॅमेरा भरपूर झाला, उरलेले पैसे दिव्यावर घाला.

रेकॉर्डिंग करून नंतर एडिट करणार असाल तर गोष्ट वेगळी. तिथं फोरकेचा खरा उपयोग होतो, कारण फोरके चित्रातला एक तुकडा कापून घेतला तरी १०८०पी इतके पिक्सेल शिल्लक राहतात, म्हणजे एकाच कॅमेऱ्यातून लांबचा आणि जवळचा असे दोन शॉट मिळतात.

लाइव्ह स्ट्रीम करणाऱ्यांना, आणि खास करून ज्यांचं काम हात हलवायचं आहे, म्हणजे वाद्य वाजवणं, चित्र काढणं, विणकाम दाखवणं, त्यांना सेकंदाला ६० फ्रेमचा, म्हणजे ६० चित्रांचा, फायदा होतो, हालचाल गुळगुळीत दिसते. नुसतं बोलायचं असेल तर ३० फ्रेम पुरेत.

आणि वही किंवा कागद दाखवून शिकवायचं असेल तर चेहऱ्यासाठी चांगला असलेला कॅमेरा तिथं कामाला येईलच असं नाही, तिथं फोकस सगळ्यात महत्त्वाचा. त्याबद्दल खाली लिहिलंय.

पायरी २ : आहे तो कॅमेरा एकदा नीट तपासा

हे लोक करत नाहीत आणि नवीन घेऊन मोकळे होतात. आधी लॅपटॉपच्या कॅमेऱ्याची काच मऊ सुती किंवा मायक्रोफायबर कापडानं पुसा. स्क्रीन उघडताना बोट नेमकं तिथंच लागतं, तेलकट डाग बसतो आणि मग सगळं चित्र धुक्यातून आल्यासारखं दिसतं. पुसल्यावर दिवसा खिडकीकडे तोंड करून बसा, खिडकी समोर पाहिजे, पाठीमागे नको, आणि एक मिनिटाचं रेकॉर्डिंग करा. मग रात्री नेहमीच्या जागेवर बसून नेहमीच्या दिव्यात तसंच दुसरं करा. दोन्ही फाइल शेजारी शेजारी लावून बघा.

दिवसाचं चित्र चांगलं आणि रात्रीचं खराब असेल, तर तुम्हाला वेबकॅमपेक्षा दिवा जास्त गरजेचा आहे. दिवसाचं पण खराब असेल तर मात्र कॅमेरा बदलायची वेळ आली.

लॅपटॉपचे कॅमेरे कमजोर का असतात तर जागाच नसते. झाकण काही मिलिमीटर जाडीचं, त्यात स्क्रीन बसवून जी फट उरते तिच्यात लेन्स आणि सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चिप, मावायला पाहिजे, म्हणून सेन्सर अगदी चिमुकला ठेवावा लागतो. वेगळ्या वेबकॅमला ती अडचण नाही, तो जाड असू शकतो, आणि सगळा फरक तिथूनच पडतो.

पायरी ३ : उजेड

ही पायरी सोडून पुढं जाऊ नका, अगदी हात जोडून सांगतो. सगळी सोंगं आणता येतात, उजेडाचं सोंग आणता येत नाही.

कॅमेरा सेकंदाला ३० चित्रं काढतो म्हणजे एका चित्राला जास्तीत जास्त १/३० सेकंद मिळतो. तेवढ्या वेळात जो उजेड सेन्सरवर पडला तेवढाच. कमी पडला की कॅमेरा सिग्नल ओढूनताणून वाढवतो, त्याला गेन म्हणतात, आणि गेन वाढवला की चित्रात रवा सांडल्यासारखे ठिपके येतात. ते ठिपके घालवायला कॅमेरा आतल्याआत चित्र घासून मऊ करतो, आणि त्यातच भुवया, दाढी, कपड्याचा पोत सगळं निघून जातं. तो मेणासारखा चेहरा येतो तो इथून. पिक्सेल कमी पडले म्हणून नाही, उजेड कमी पडला म्हणून.

आणखी एक प्रकार होतो. उजेड कमी पडला की बरेच कॅमेरे गुपचूप ३० फ्रेमचे १५ फ्रेम करतात, म्हणजे प्रत्येक चित्राला दुप्पट वेळ मिळतो. चित्र उजळ दिसतं खरं, पण हात हलवला की मागं शेपूट आल्यासारखं दिसतं आणि बोलणं अडखळल्यासारखं वाटतं. लोकांना वाटतं नेट स्लो आहे. काही कॅमेऱ्यांच्या सेटिंगमध्ये लो लाइट कॉम्पेन्सेशन अशा नावाची खूण असते, ती काढली की फ्रेम कमी होत नाहीत, चित्र मात्र थोडं अंधारतं. ६० फ्रेमवर तर वेळ अजून अर्धा, १/६० सेकंद, म्हणून ६० फ्रेमला उजेड दुप्पट लागतो. अंधाऱ्या खोलीत ६० फ्रेमचा कॅमेरा घेऊन बसणाऱ्यांची निराशा यामुळेच होते.

आणि उजेडाचा नेटशी पण संबंध आहे, हे फार कमी जणांना माहीत असतं. ते ठिपके प्रत्येक फ्रेमला जागा बदलतात, ॲपला वाटतं की सगळ्या चित्रात हालचाल चाललीय, मग दाबताना त्याची दमछाक होते आणि चौकोनी चौकोनी तुकडे दिसायला लागतात. स्वच्छ उजेडातलं चित्र त्याच नेटवर जास्त चांगलं जातं.

दिवा कसा ठेवायचा? कॅमेऱ्याच्या मागून किंवा थोडा बाजूनं, डोळ्यांच्या पातळीच्या जरा वर, तोंडावर येईल असा. थेट बल्ब डोळ्यात नको, समोरच्या पांढऱ्या भिंतीवर मारून परत आलेला उजेड सगळ्यात मऊ. दिवा दुप्पट लांब नेला की उजेड चौथाईवर येतो, त्यामुळं आधी तो जवळ आणून बघा, मग मोठा दिवा घ्यायचा विचार करा. चष्मा असेल तर काचेत दिव्याची गोल चकती दिसते, तेव्हा दिवा अजून वर आणि बाजूला सरकवत जा, एका ठिकाणी ती निघून जातेच. पाठीमागची खिडकी पडद्यानं झाका नाहीतर जागा फिरवा. एचडीआर असलेले कॅमेरे उजळ आणि अंधारा असे दोन्ही भाग सांभाळायचा प्रयत्न करतात, पण पाठीमागे उघडी खिडकी आणि तोंडावर अंधार असेल तर त्यांचाही एका हद्दीपर्यंतच निभाव लागतो.

पायरी ४ : बॉक्सवरचं काय वाचायचं आणि काय सोडायचं

मेगापिक्सेल सोडा. बघायचं ते व्हिडिओचं रिझोल्यूशन आणि त्याच्या शेजारी फ्रेमचा आकडा. ७२०पी म्हणजे १२८० × ७२०, साधारण ९.२ लाख पिक्सेल. १०८०पी म्हणजे १९२० × १०८०, २०.७ लाख. फोरके म्हणजे ३८४० × २१६०, जवळजवळ ८३ लाख. फोटोसाठी मोठा आकडा आणि व्हिडिओसाठी छोटा असा प्रकार असेल तर आपल्याला व्हिडिओवालाच कामाचा. १०८०पी ३० फ्रेम असं स्पष्ट लिहिलेलं पाहिजे. नुसतं "फुल एचडी" वर भागवलं असेल तर उत्पादकाच्या साइटवर पूर्ण तपशील शोधा, आणि तिथंही "इंटरपोलेटेड", म्हणजे सॉफ्टवेअरने भरून काढलेलं, असा शब्द दिसला तर तो आकडा खरा नाही असं समजायचं.

आता सेन्सरचा आकार. माझ्या मते वेबकॅमच्या तपशिलातला सगळ्यात मोलाचा आकडा हाच, आणि नेमका हाच बऱ्याच ठिकाणी लिहिलेला नसतो. तो १/४ इंच, १/२.८ इंच, १/२ इंच असा लिहितात. खालचा आकडा जितका लहान तितका सेन्सर मोठा. हे इंच खरे मोजमापाचे इंच नाहीत, जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांमध्ये काचेच्या नळ्या असायच्या त्यांच्या व्यासावरून ही पद्धत आली, त्यामुळं १/२ इंची सेन्सरचा कर्ण प्रत्यक्षात ८ मिलिमीटरच्या आसपासच असतो. पण तुलना करायला आकडा चालतो. १/२ इंची सेन्सर १/४ इंचीच्या लांबी-रुंदी दोन्हीत दुप्पट, म्हणजे क्षेत्रफळात चौपट, म्हणजे उजेड गोळा करायला चौपट अंगण.

आता याच्यावरून फोरकेची गंमत समजते. तेवढ्याच आकाराच्या सेन्सरवर १०८०पी च्या ऐवजी फोरके बसवलं की पिक्सेल चौपट, आणि प्रत्येकाच्या वाट्याला उजेड एक चौथाई. म्हणून लहान सेन्सरचा स्वस्त फोरके वेबकॅम संध्याकाळी एखाद्या जुन्या १०८०पी कॅमेऱ्यापेक्षा वाईट दिसू शकतो. फोरके घ्यायचंच असेल तर मोठ्या सेन्सरचं घ्या. उदाहरण म्हणून सांगतो, इन्स्टा३६० लिंक मध्ये १/२ इंची, ऑब्सबॉट टायनी २ मध्ये १/१.५ इंची, आणि रेझर कियो प्रो अल्ट्रा मध्ये १/१.२ इंची सेन्सर आहे. यातलंच काही घ्या असं म्हणत नाहीये, चांगले उत्पादक हा आकडा लपवत नाहीत एवढंच दाखवायचंय. जिथं सेन्सरचा उल्लेखच नाही तिथं तो लहानच आहे असं धरून चाला.

लेन्सचं छिद्र, ॲपर्चर, ते एफ/२.०, एफ/२.८ असं लिहितात. इथंही आकडा लहान तितकं छिद्र मोठं, एफ/२.० मधून एफ/२.८ च्या दुप्पट उजेड आत येतो. लेन्स काचेची असेल तर चांगलंच, पण "ग्लास लेन्स" लिहिलं म्हणजे चित्र उत्तम असं काही नाही, तेवढ्यावर निर्णय करू नका.

डिजिटल झूम, ब्युटी मोड, सॉफ्टवेअरने बॅकग्राउंड धूसर करणं, याच्यासाठी जास्त पैसे देऊ नका. धूसर बॅकग्राउंड तर कॉलिंग ॲप स्वतःच करतं, वर त्याचा भार तुमच्या कॉम्प्युटरवर पडतो तो वेगळाच.

पायरी ५ : फोकस

दोन प्रकार आहेत. फिक्स्ड फोकस म्हणजे लेन्स एका अंतरावर कायमची बसवलेली, आणि ऑटोफोकस म्हणजे ती पुढंमागं होते. नवख्या माणसाला वाटतं ऑटोफोकस म्हणजे वरचढ, पण तसं सरसकट नाही. तुम्ही एकाच जागी बसून बोलणार असाल तर फिक्स्ड फोकस फार शांत, तो कधीच चुकत नाही कारण तो काही शोधतच नाही. एल्गॅटो फेसकॅम चांगल्यापैकी वरच्या वर्गातला कॅमेरा आहे आणि त्यांनी मुद्दाम फिक्स्ड फोकस ठेवलाय. उलट काही ऑटोफोकसवाले कमी उजेडात गोंधळतात, मधेच चेहरा धूसर होतो, मागचं कपाट स्पष्ट दिसतं, परत चेहरा येतो, बघणाऱ्याला त्रास होतो. अशा कॅमेऱ्यात फोकस हातानं लॉक करायची सोय आहे का ते घेण्याआधी बघा.

पण कागद, हातातली वस्तू, सर्किट, दागिना, काहीही जवळ धरून दाखवायचं असेल तर ऑटोफोकसच पाहिजे. फिक्स्ड फोकसमध्ये वस्तू लेन्सच्या अगदी जवळ आणली की ती धूसर होते ती होतेच, त्याला इलाज नाही. लॉजिटेक सी२७० हा फिक्स्ड फोकसचा ७२०पी कॅमेरा आहे आणि त्यांचाच सी९२०, जो २०१२ पासून बाजारात आहे, तो ऑटोफोकसचा १०८०पी. शिकवणाऱ्यांसाठी या दोघांमधला खरा फरक पिक्सेलपेक्षा तोच आहे.

पायरी ६ : किती रुंद दिसलं पाहिजे

याला फील्ड ऑफ व्ह्यू म्हणतात आणि तो अंशात लिहितात, साधारण ६५, ७८, ९० असे आकडे दिसतील. बहुतेक वेळा हा कर्णाचा कोन असतो, आडवा कोन त्याहून कमी. डोळ्यासमोर यावं म्हणून मी हिशोब करून ठेवलाय. तुम्ही कॅमेऱ्यापासून ६० सेंटिमीटरवर बसलात तर ६५ अंशाच्या कॅमेऱ्यात अंदाजे ६७ सेंटिमीटर रुंदीचा भाग दिसतो, ७८ अंशात ८५ सेंटिमीटर, आणि ९० अंशात १०५ सेंटिमीटर. टेप घ्या आणि तुमच्या खुर्चीमागं तेवढं मोजून बघा, तुमच्या मागची भिंत अजून लांब असल्यामुळं तिथं याहून जास्त दिसणार.

एकटे बसत असाल तर ६५ ते ७८ चांगलं. दोघंतिघं एकत्र बसणार असाल तर ९०. विनाकारण रुंद घेतला तर सगळा पसारा दिसतो, चेहरा लहान होतो, आणि मग चेहरा मोठा दिसावा म्हणून माणूस कॅमेऱ्याच्या जवळ सरकतो, जवळ गेलं की नाक मोठं आणि कान मागं गेल्यासारखे दिसतात. हातभर अंतर ठेवून बसावं, त्या अंतरावर चेहरा त्याच्या मापात दिसतो.

पायरी ७ : वायर आणि पोर्ट

हा भाग थोडा आकडेमोडीचा आहे पण एकदा समजून घ्या, पुढं डोकेदुखी वाचते. १०८०पी चं न दाबलेलं चित्र ३० फ्रेमनं पाठवायचं तर नेहमीच्या १६ बिटच्या हिशोबानं सेकंदाला जवळजवळ १,००० मेगाबिट लागतात. यूएसबी २.० ची कागदावरची कमाल ४८० मेगाबिट. म्हणजे ते मावतच नाही. म्हणून यूएसबी २.० वाले कॅमेरे प्रत्येक फ्रेम जेपीईजी फोटोसारखी दाबून पाठवतात, त्याला एमजेपीईजी म्हणतात. त्यात काही पाप नाही, नीट केलं तर छानच दिसतं. फक्त एक करा, ओबीएस सारख्या रेकॉर्डिंग-स्ट्रीमिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये फॉरमॅट निवडायची वेळ आली आणि १०८०पी ला फ्रेम एकदम पाचवर आल्यासारख्या वाटल्या, तर तिथं वाययूवाय२, म्हणजे न दाबलेल्या चित्राचा फॉरमॅट, निवडलेला असेल, तो बदलून एमजेपीईजी करा, बहुतेक वेळा तेवढ्यानं काम होतं.

यूएसबी ३.० ची कमाल ५,००० मेगाबिट, तिथून न दाबलेलं चित्र आरामात येतं. पण तसा कॅमेरा घेतलात तर तो कॉम्प्युटरच्या यूएसबी ३ पोर्टलाच थेट लावायचा. स्वस्त हबला माऊस, कीबोर्ड, हार्ड डिस्क आणि कॅमेरा सगळं एकत्र लावलं की कॅमेरा मधेच बंद पडतो आणि दोष कॅमेऱ्याला जातो.

कॅमेरा यूव्हीसी असला पाहिजे. हे यूएसबीचंच एक ठरलेलं मानक आहे, त्यामुळं विंडोज, मॅक, लिनक्स कुठंही वेगळं ड्रायव्हर न टाकता कॅमेरा चालतो. आता जवळजवळ सगळे तसेच असतात, तरी "फक्त अमुक सॉफ्टवेअर टाकल्यावर चालेल" असं कुठं लिहिलेलं दिसलं तर तो घेऊ नका, उद्या ते सॉफ्टवेअर बंद झालं की कॅमेरा कचऱ्यात.

पायरी ८ : खिशातला फोन विसरू नका

हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच फोनच्या मागच्या कॅमेऱ्याचा सेन्सर साध्या वेबकॅमपेक्षा मोठा आहे आणि लेन्सही चांगली. आयफोन आणि मॅक दोन्ही असतील तर २०२२ पासून, म्हणजे आयओएस १६ आणि मॅकओएस व्हेंचुरापासून, आयफोन एक्सआर किंवा त्यानंतरचा फोन थेट वेबकॅम म्हणून चालतो. अँड्रॉइड १४ पासून काही फोनमध्ये यूएसबी वायर लावल्यावर वेबकॅमचा पर्याय दिसतो. नाहीतर ड्रॉइडकॅम, आयरियन, कॅमो अशी ॲप आहेत. वाय-फायपेक्षा वायरनं जोडा, चित्र मागं पडत नाही.

अडचणी पण सांगतो. फोन तापतो, स्टँड लागतो, कॉलच्या मधेच कुणाचा तरी फोन येतो. रोज सात-आठ तास बसायचं असेल तर वेगळा वेबकॅमच बरा. पण आठवड्यातून दोन वेळाच लागत असेल तर आधी महिनाभर हे करून बघा, पैसे कुठं पळून जात नाहीत.

पायरी ९ : किरकोळ गोष्टी, पण बघून घ्या

कॅमेऱ्यासमोर सरकवायची झडप असलेली चांगली. खाली ट्रायपॉडचा १/४ इंची आटा असेल तर स्क्रीनवरच ठेवायचं बंधन राहत नाही. वायर काढता येणारी असेल तर उत्तम, तुटली तर फक्त वायर बदलायची. माइकसाठी जास्त पैसे देऊ नका, वेबकॅमचा माइक लांब असतो, सगळ्या खोलीचा आवाज ओढतो, साधा वायरवाला हेडसेट त्याच्यापेक्षा स्वच्छ ऐकू येतो. चेहरा दाखवून विंडोज उघडायचं असेल तर त्याला इन्फ्रारेड कॅमेरा लागतो, लॉजिटेक ब्रिओ फोरके मध्ये तो आहे, साध्या वेबकॅममध्ये नसतो.

पायरी १० : रिव्ह्यू कसे बघायचे

स्टुडिओतले मोठे दिवे लावून केलेला रिव्ह्यू आपल्या उपयोगाचा नाही, त्या उजेडात सगळेच कॅमेरे देखणे दिसतात. ज्यानं दिवे विझवून, खिडकीकडे पाठ करून, हात हलवून दाखवलंय त्याचा बघा. आणि तो व्हिडिओ मोठ्या स्क्रीनवर बघा, मोबाइलवर दोष झाकले जातात. डोळे, केसांची कड आणि मागची अंधारी भिंत, या तीन जागांवर लक्ष ठेवा, भिंतीवर ठिपके नाचत असतील तर रात्री तुमच्याकडे पण नाचणार. मी स्वतः तर आवाज बंद करून बघतो, म्हणजे बोलणाऱ्याच्या उत्साहाचा आपल्यावर परिणाम होत नाही.

परत करता येईल अशा ठिकाणाहूनच घ्या आणि परतीची शेवटची तारीख लिहून ठेवा.

पायरी ११ : घरी आल्यावर पहिल्याच दिवशी

बॉक्स, प्लास्टिक, पावती सगळं जपून ठेवा. लेन्सवर पातळ फिल्म असेल तर ती काढा, ती तशीच ठेवून "चित्र धूसर येतंय" म्हणणारे पाहिलेत. मग विंडोजचं कॅमेरा ॲप, मॅकवर क्विकटाइम प्लेयर, लिनक्सवर गुव्हीसीव्ह्यू, यातलं काहीतरी उघडा. कॉलिंग ॲपमध्ये तपासू नका, तिथं चित्र आधीच दाबलेलं असतं.

नेहमीच्या जागी बसून वर्तमानपत्र चेहऱ्याशेजारी धरा, मोठे मथळे सगळ्या बाजूंनी सारखेच वाचता आले पाहिजेत, एका कोपऱ्यात धूसर आणि दुसऱ्यात स्पष्ट असेल तर लेन्स वाकडी बसलीय, परत पाठवा. पांढरा कागद धरा, तो निळसर किंवा पिवळट दिसतोय का बघा. हात हलवा. दिवा कमी करून परत हात हलवा. चित्रात आडवे पट्टे सरकत असतील तर तो कॅमेऱ्याचा बिघाड नाही, तो विजेचा प्रकार आहे. काही देशांत वीज ५० हर्ट्झची असते, काहींत ६० ची, आणि दिवा त्याच्या दुप्पट वेगानं लुकलुकतो. सेटिंगमध्ये अँटी फ्लिकर किंवा पॉवरलाइन फ्रीक्वेन्सी असं काहीतरी असतं, ते तुमच्याकडच्या विजेप्रमाणे करा, पट्टे जातात. तरीही गेले नाहीत तर दिवा बदलून बघा, काही स्वस्त एलईडी फारच लुकलुकतात.

पायरी १२ : सेटिंग लॉक करा

चांगला कॅमेरा घेऊनही चित्र सारखं बदलत राहतं याचं कारण ऑटो. स्क्रीनवर पांढरी विंडो उघडली की चेहरा उजळतो, कॅमेरा एक्स्पोजर, म्हणजे सेन्सरवर उजेड पडू द्यायचा वेळ, कमी करतो, काळी विंडो आली की परत वाढवतो. तसंच रंगाचं, दिवा पिवळा आणि खिडकीतून निळसर उजेड, कॅमेरा दोघांच्या मधे डोलत राहतो. म्हणून शक्य असेल तर सगळे दिवे एकाच रंगाचे ठेवा, आणि मग एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स (म्हणजे उजेडाप्रमाणे रंगाची जुळवणी), फोकस तिन्हीचं ऑटो काढून हातानं लावा. व्हाइट बॅलन्स केल्विनमध्ये असतो, पिवळ्या बल्बला २,७०० च्या आसपास, दिवसाच्या उजेडाला ५,००० ते ६,५००, पांढरा कागद पांढरा दिसेपर्यंत पट्टी सरकवा. एक्स्पोजर आधी, गेन नंतर, गेन शक्य तितका खाली. शार्पनेस कमीच ठेवा, जास्त केलं की केसांभोवती पांढरी रेघ येते. विंडोज ११ मध्ये थोडीफार सेटिंग ब्लूटूथ आणि डिव्हाइसेसच्या खाली कॅमेरामध्ये मिळतात, जास्त बारकाईनं पाहिजे असेल तर ओबीएस मध्ये कॅमेऱ्यावर कॉन्फिगर व्हिडिओ दाबा.

कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर आणा, लॅपटॉपखाली चार जाड पुस्तकं ठेवलीत तरी चालतं. आणि लावलेले सगळे आकडे कागदावर लिहून कॅमेऱ्याच्या बॉक्सवर चिकटवा, कारण काही कॅमेरे वायर काढली की सगळं विसरून परत ऑटोवर जातात, आणि ते नेमकं मुलाखतीच्या पाच मिनिटं आधी लक्षात येतं.